नॉर्मनचे हिरवे ठिपके

माझ्याइतकी देखणी स्लाइड अख्ख्या टास्मानियात कोणी करत नाही! लोक तसं बोलून दाखवत नाहीत, म्हणून मीच सांगतो. मी लेस्टर पेंगली. लॉन्सेस्टनच्या प्राणी-तपासणी प्रयोगशाळेत गेली एकोणीस वर्षं मांसाचे पापुद्र्यासारखे काप काढतो आणि त्यांतला डीएनए रंगवून चमकवतो.

त्या मंगळवारी माझ्यासमोर नॉर्मनच्या गालाचा काप होता. नॉर्मन म्हणजे वेंडलच्या अभयारण्यातला टास्मानियन डेव्हिल, लहान कुत्र्याएवढा, कर्कश किंचाळणारा शिकारी प्राणी. तीन वर्षांचा, काळा, भांडखोर. गालावर सुपारीएवढी गाठ आलेली. या प्राण्यांत एकमेकांना चावण्यातून पसरणारा एक कॅन्सर असतो. गाठ त्याची निघाली असती, तर नॉर्मनला झोपेचं शेवटचं इंजेक्शन. साधी चावल्याची जखम असली, तर मलम!

निवाडा माझ्या रंगांवर होता. सगळा डीएनए निळा चमकतो. हिरवा रंग मात्र फक्त नराच्या गुणसूत्रावर जाऊन बसतो. नॉर्मन नर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशीत निळ्या गोळ्यात एक हिरवा ठिपका. तो कॅन्सर मूळचा एका मादीचा, तिच्याच पेशी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तिथे ठिपका कुठला असायला!

सकाळी नऊला मी मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि खुर्चीतून उडालोच! निळ्या गोळ्यांचं शेत आणि प्रत्येकात एकेक हिरवा ठिपका, जणू देवानं स्वतः बसून टिकल्या लावल्यात. नॉर्मन वाचला!

शहाण्या माणसानं आधी फोटो काढला असता. मी आधी डोरीनला हाक मारली.

डोरीन आमच्याकडे साफसफाई करते. काठीचा फडका भिंतीला टेकवून तिनं डोळा लावला. "अगं बाई! आणि हे तू केलंस?"

या "तू केलंस"नं माझा घात केला. मी पहारेकरी क्लाइवला बोलावलं. शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावलं. दुपारचे मटण-पॅटिस घेऊन आलेल्या पॅटिसवाल्या मर्व्हलाही सोडलं नाही. तो तर दहा मिनिटं हललाच नाही. पॅटिस गार झाले, दिवा मात्र तापलेलाच!

एवढ्यात आमची प्रमुख इस्ला आली, आणि तिच्यामागे दोन तास गाडी हाणत आलेला वेंडल. माणूस दरवाजाएवढा, पण टोपी हातात पिळत होता.

"या, या!" मी म्हणालो. "नुसतं बघा!" आणि चित्र मोठ्या पडद्यावर टाकलं.

निळे गोळे. हिरवं काही नाही. एकसुद्धा नाही!

"ठिपके नाहीत," इस्ला हळूच म्हणाली.

वेंडल मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे कॅन्सरच. बाटलीनं दूध पाजलंय रे मी त्याला."

"होते! मघाशी होते!" मी ओरडलो.

"मग गेले कुठे, लेस्टर? चहाला?"

"साक्षीदार आहेत माझ्याकडे!"

मी सगळ्यांना गोळा केलं. मर्व्ह छातीवर हात ठेवून म्हणाला, "वाटाण्यासारखे हिरवेगार होते, बाई." मला धीर आला. मग क्लाइव म्हणाला, "हिरवे? मला तर तपकिरी दिसले." चौकशीअंती कळलं, क्लाइवला हिरवा रंग जन्मापासूनच दिसत नाही!

"अहवालात काय लिहू?" इस्लाचा आवाज चढला. "पॅटिसवाल्यानं पाहिले, पहारेकऱ्यानं नाही पाहिले?"

वेंडल खाली मान घालून बसलेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे काम येतच नसावं.

"त्या दिव्याचा उजेड फार कडक आहे का रे?" डोरीननं मागून विचारलं.

"असतोच. का?"

"माझ्या बैठकीच्या खोलीतला पडदा उन्हानं विटलाय. पण अख्खा नाही हं. ऊन पडतं तेवढाच पट्टा. सकाळपासून एकाच जागी दिवा मारतोयस. जरा बाजूला सरकवून बघ की!"

माझे कान एवढे तापले की त्यांवर मर्व्हचे पॅटिस गरम झाले असते! जास्त उजेडानं हा हिरवा रंग विझतो, निळा तग धरतो. हा धडा मी स्वतः अकरा उमेदवारांना शिकवलाय, टेबलावर हात आपटून!

मी चाक फिरवलं. स्लाइड केसभर सरकली. पडद्यावर आधी विटलेल्या वर्तुळाची कड आली आणि तिच्यापलीकडे हिरवे, हिरवे, हिरवे! प्रत्येक गोळ्यात एक!

"नॉर्मन!" वेंडल एवढ्या जोरात ओरडला की खरा नॉर्मनही लाजला असता. त्यानं डोरीनला फडक्यासकट उचललं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून रडत बसला. किती वेळ? कोण विचारणार! एवढा मोठा माणूस आनंदानं रडत असताना त्याला ऊठ म्हणवतं का?

"फोटो काढलास ना?" इस्लानं विचारलं.

मी पडद्याकडे पाहिलं. निळे गोळे. फक्त निळे!

पुन्हा सरकवलं. तेवढ्यात शेजारच्या दोघी "एकदाच बघू दे" म्हणत आल्या. पुन्हा सरकवलं. असं करत करत आम्ही कापाच्या पार कडेला पोहोचलो, जिथून पुढे नुसती काच!

तिथे काढलेला तो फोटो आज आमच्या दारात चौकटीत लावलाय. कोपऱ्यातल्या अकराच पेशी, पण काय झळकतात! पाहुणे थांबून बघतात आणि खालचं 'छायाचित्र: लेस्टर पेंगली' वाचतात. मीही जवळपासच उभा असतो.

थोडा तिरका आलाय, मान्य आहे. माझे दोन्ही हात स्लाइडच्या चाकावर होते हो. बटण डोरीननं दाबलं.