लापशी तीच, घर दुसरं

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. वाकड्या भिंती सरळ केल्या. दोन वर्षांच्या नातीचं तोंड काय, चुटकीसरशी उघडीन! असं मी लेकीला छातीठोक सांगितलं. लेक दिवसभर कारखान्यात, म्हणून भरवायचं खातं माझ्याकडे. नात इतकी हलकी, की सगळे तिला मुंगीच म्हणत. आरोग्य केंद्रातून तिच्यासाठी दर महिन्याला सरकारी पिठाचं पाकीट मिळे. त्यावरची कृती मी स्वतः वाचली. साठीनंतर अक्षरं शिकलो ती काय उगाच? लापशी झकास झाली. पण मुंगीनं ओठ असे मिटले, की इतका पक्का सांधा मी जन्मात कधी भरला नव्हता!

नर्सताई म्हणाल्या, "आजोबा, पुढच्या महिन्यात मोठ्या बाई घरी तपासणीला येणार. मूल खात नसेल तर नाव कापतात. पाकीट दुसऱ्याला."

वजन नाही आणि वर पाकीटही नाही?

एकदा मुंगीला शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवून पाणी भरायला गेलो. परत येऊन बघतो तर मुंगी वाटी चाटतेय! तीच सरकारी लापशी!

"काय घातलंत हिच्यात?"

"काही नाही हो! आमचा भुंगा तोंड लावत नाही, म्हणून पडून होती."

"मग भुंगा उपाशी?"

"छे! समोर ड्रायव्हरकाकूंकडे जाऊन हादडतो मेला!"

माझ्या डोक्यात दिवा पेटला. तिन्ही घरांत पाकीट तेच. दुसऱ्या दिवसापासून मुंगी शिंपीणबाईंकडे, भुंगा काकूंकडे आणि काकूंचे जुळे माझ्याकडे. वाट्या इतक्या चाटूनपुसून साफ, की भांडी घासायचंसुद्धा काम उरलं नाही! फक्त नर्सताईंना सांगायचं राहून गेलं.

मोठ्या बाई आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. मागे वजनकाटा घेऊन नर्सताई. समोर कोपरापर्यंत लापशीत बुडालेले जुळे.

"कार्डावर एक मुलगी आहे. इथे दोन मुलगे?"

"पीठच तेवढं पौष्टिक आहे, बाई!" घाबरलो की माझी जीभ घसरते.

बाई हसल्या नाहीत. "मुलगी कुठाय?"

"आत्ता आणतो!"

दोघा जुळ्यांना दोन बगलांत मारून मी धूम ठोकली. तपासणीची बातमी गल्लीत माझ्याआधीच पोचली होती. डावीकडून शिंपीणबाई मुंगीला काखोटीला मारून आल्या, समोरून काकू भुंग्याला घेऊन. भर गल्लीत धडकलो! चार पोरं, चार सूर, आणि एकाच्या तोंडात अजून चमचा!

बाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "अच्छा! तीच मुलं घरोघर फिरवून पाकिटं लाटता? तिन्ही घरांची नावं बंद!"

"आणखी चालवा आजोबांची अक्कल!" काकू कडाडल्या. शिंपीणबाईंची नजर तर सुईसारखी टोचली.

मी हात जोडले. "बाई, नाव खुशाल कापा. पण आधी भरवून बघा!"

बाईंनी मुंगीला माझ्या घरात बसवलं. चिऊ आणली, काऊ आणला, शेवटी विमान आणलं. लापशी थेट बाईंच्या चष्म्यावर! मग तिला शिंपीणबाईंच्या उंबऱ्यात बसवलं. तीच वाटी, तोच चमचा. मुंगीनं केला की हो भला मोठा आ!

मुंगीला काट्यावर बसवून नर्सताई ओरडल्या, "अर्धा किलो वाढली!"

चष्मा पुसता पुसता बाईंना हसू फुटलं. "आमचाही घरी खात नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. नावं राहिली! वर हुकूमही दिला, "ही पळापळ नको. सगळ्यांना आजोबांकडेच एकत्र बसवा."

बातमी पसरली. पहिल्याच दिवशी माझ्या एवढ्याशा खोलीत अकरा पोरं! लेकीलाही सुट्टी होती. शिंपीणबाईंबरोबर आलेली मुंगी दारात थबकली, गर्दी न्याहाळली, मुकाट बसली आणि वाटी फस्त!

मी मिशीला पीळ भरला. "बघितलंस? स्वतःच्या घरी जेवली!"

तेवढ्यात मुंगी उठली. चपला उलट्या घातल्या, मला अगदी शहाण्यासारखा टाटा केला आणि शिंपीणबाईंचं बोट धरून म्हणाली, "चला, घरी."