फौजदारासाठी मांडलेली खुर्ची

"नातवाचं नाव ठेवीन तर फौजदार," रुख्मिणीबाईनं चुलीपुढं बसूनच जाहीर केलं, आणि लेक देविदासला चहाचा ठसका लागला.

पोरगं झालं तेव्हापासून सून ऐश्वर्या मोबाइलात नावं शोधत होती. रियांश, अयांश, विहान. रुख्मिणीबाईला ती सगळी खोकल्याच्या औषधाची नावं वाटायची. पोराचं नाव कसं पाहिजे? नुसतं घेतलं की समोरच्यानं चप्पल शोधत उठलं पाहिजे. आणि असं नाव तिनं चांगलं पारखून ठेवलं होतं. ती शेतातून तांड्याकडं परतायला लागली, की निंबाखालून हमखास कुणीतरी ओरडायचं, "फौजदार आला!" लगेच पत्त्यांचे डाव उधळायचे, बाटली गवतात जायची, कुजबुजणाऱ्या बायकांच्या हातात झाडू यायचे. ती निंबापाशी पोचायची तर सगळे देवळात बसल्यासारखे गप. फौजदार मात्र तिला कधी दिसला नाही. ती येईस्तोवर बेटा निघून गेलेला असायचा. पण नुसत्या नावात केवढी जरब!

"याडी, दुसरं कोणतं बी ठेव," देविदास आईला म्हणाला. "वाघ ठेव, शेर ठेव."

"काहून? फौजदारात किडे पडले का?"

"लोक हसतीन."

"हसतीन त्यांचे दात घशात घालीन."

ऐश्वर्या ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. मोबाइलातलं नाव गेलं म्हणून रडून राहिली बिचारी, असं रुख्मिणीबाईला वाटलं.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून कुरुंद्याहून लेक मिना आली. नाव ऐकलं आणि तिच्या हातातली हळदीची पिशवी पायावर पडली.

"याडी, माझ्या तोंडून हे नाव निघायचं न्हाई."

"तुझ्या सासऱ्याचं हाय का?"

"न्हाई."

"मग जीभ कुरुंद्याला ठेवून आली का?"

संध्याकाळी हरिचंद आला. रुख्मिणीबाईच्या नवऱ्याचा, कैलासवासी वसरामचा, हा पत्त्यातला जोडीदार. मागं निंबाखालची सगळी फौज.

"वहिनी, तांडा जन्मभर तुमचं ऐकत आला. एक गोष्ट आमची ऐका. हे नाव नका ठेवू. आमाला लई तकलीफ होईल."

"तुमाला? पाळण्यात काय तुमाला निजायचं हाय?"

हरिचंदनं मागच्यांकडं पाहिलं. मागचे आभाळाकडं पाहू लागले.

आता तर रुख्मिणीबाईची खात्रीच पटली. पाळण्यात पडायच्या आधीच ज्या नावाला बाप्ये भिऊन राहिले, ते नाव अस्सल. उलट तिला आणखी एक गोष्ट सुचली.

"भावजी, फौजदारसाहेब पुढच्या बारीला आले की थांबवून ठेवा. बारशाचं आवतण द्यायचं हाय. त्यांच्याच मांडीवर देते पोराला."

हरिचंदनं टोपी डोक्यावर घट्ट दाबली. "ते... ते असतीनच बारशाला."

"वचन द्या."

"त्यांच्याबिगर बारसं होईल कसं, वहिनी?"

बारशाच्या दिवशी मांडवात मधोमध खुर्ची मांडली, तिच्यावर कोरा टॉवेल टाकला. सरपंच बसायला गेले, तर रुख्मिणीबाईनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ते उभेच राहिले. पाळणा सजला, बायका जमल्या, घुगऱ्या वाटून झाल्या. खुर्ची रिकामीच.

"याडी, येळ टळून राहिली," मिना म्हणाली.

"साहेब आल्याबिगर पाळणा हलायचा न्हाई. अन् हे बाप्ये कुठं उलथले सगळे?"

दुखरे गुडघे दाबत ती निंबाकडं निघाली. रस्त्याला लागली न लागली, तोच हाळी आली, "फौजदार आला!"

रुख्मिणीबाईला आनंद मावेना. तिनं डोईवरचा पदर नीट केला आणि साहेबाला राम राम घालायला वळून पाहिलं. सेनगावच्या फाट्यापर्यंत रस्ता सरळ पडला होता. ना मोटारसायकल, ना धुरळा. बांधावर एक शेळी तुरीचा शेंडा खात होती, तेवढीच. तिनं पुढं पाहिलं. बाकीचे पसार झाले होते. हरिचंदचं तोंड अजून उघडंच होतं आणि हातात बदामाचा राजा.

"भावजी, साहेब कुठं हाय?"

हरिचंदनं राजा पाठीमागं लपवला.

"रस्त्यावर तर मी एकटीच हाय."

"व्हय, वहिनी," तो हळूच म्हणाला.

रुख्मिणीबाई शाळेत फार गेली नव्हती, पण आजवर गवतात गेलेल्या साऱ्या बाटल्या आणि हातात आलेले सारे झाडू तिला तिथल्या तिथं आठवले.

"कुणी पाडलं हे नाव?"

हरिचंदनं टोपी काढली. "वसरामनं. पयली हाळी बी त्याचीच. म्हणायचा, माझ्या घरी फौजदार हाय म्हणून दावणीला बैल हायत. न्हाईतर कवाच पत्त्यात गेले असते."

नवऱ्यानं तिला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. "अगं" म्हणायचा, नाहीतर "ऐकून राहिली का". आणि पाठीमागं एवढं मोठं नाव ठेवून गेला होता! तिनं पदरानं नाक पुसलं आणि मांडवाकडं वळली.

तिचा चेहरा पाहून बायका पाळण्यापासून मागं सरकल्या. झालं, नाव बारगळलं, असं समजून ऐश्वर्यानं मोबाइल काढला. रुख्मिणीबाईनं टॉवेल झटकला आणि खुर्चीत ऐसपैस बसली.

"काय पाहून राहिल्या? साहेब आले. हलवा पाळणा."

"तेच नाव, याडी?" मिनानं भीत भीत विचारलं.

"तेच. इतकी वर्सं म्या वापरलं, कुठं उसवलं न्हाई. पोरगं बी वापरील."

मिना वाकली, बाळाच्या कानात कुर्र झालं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

आता गुडघ्यांमुळं रुख्मिणीबाई निंबापर्यंत जात नाही. दुपारी नातवाला घेऊन ओट्यावर बसते. तो दूध पिऊन ताजातवाना झाला की त्याला दोन्ही हातांनी वर उचलते आणि तांडाभर ऐकू जाईल अशी ओरडते, "आला रे आला, फौजदार आला!"

निंबाखाली पत्ते उधळतात. दोघांतला कोणता आला, हे पाहायला थांबायची छाती अजून कुणाची झालेली नाही.