चरबीमुक्त प्रथिन

मानपाड्याच्या एका महाविद्यालयात डॉ. कल्पिता भोईर एका प्रथिनाचा अभ्यास करीत असत. जंतूच्या पेशीचे पातळ आवरण मेदाचे असते; त्यात हे प्रथिन घड्या घालून बसते आणि साखर आत ओढते. मेद योग्य जातीचा नसेल तर ते उलटे बसते आणि काम टाळते. हे सिद्ध करण्यासाठी बाईंनी जंतूंपासून काढलेला मेद मागवला.

"मेद म्हणजे चरबीच ना?" खरेदी समितीच्या अध्यक्ष भावना मॅडम म्हणाल्या. "आपला कॅम्पस शाकाहारी आहे. सोयाबीनचा घ्या."

"त्याची जात वेगळी असते, मॅडम."

"जात काढू नका. मिनिट्समध्ये येईल."

सोयाबीनच्या मेदात प्रथिन उलटे बसले. बाईंनी तसे कळवले.

"बसलं ना?" प्राचार्य विनीत सर म्हणाले. "मग झालं तर!"

महाविद्यालयाने चरबीमुक्त प्रथिन यशस्वीरीत्या बसवल्याचे पत्रक निघाले. ते वाचून माजिवड्याचा जिमवाला मयूर करार करून गेला. त्याच्या प्रथिन पावडरच्या डब्यांवर महाविद्यालयाचे बोधचिन्ह झळकले.

बाईंना राहवेना. ठाण्यातल्याच एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून त्यांनी योग्य मेदाची कुपी आणली आणि त्या उलट्या प्रथिनाच्या आवरणात मिसळली. प्रथिन आपणहून सरळ झाले. साखर आत जाऊ लागली. बाईंचे डोळे भरून आले. त्या तशाच धावत सरांकडे गेल्या.

"सर, सरळ झालं! प्रथिन तेच आहे, फक्त भोवतालचा मेद बदलला!"

सरांनी उठून दार लावले. "हळू बोला. भोवताल बदलला की उलटं बसलेलं सरळ होतं, हे स्टाफला कळलं तर?"

चौकशी बसली. मंजूर जागा विनापरवानगी सोडल्याबद्दल प्रथिनावर ठपका आला, कुपी मांसाहारी ठरून जप्त झाली, प्रयोगशाळेचे शुद्धीकरण झाले आणि बाईंची रवानगी परीक्षा विभागात झाली.

रविवारी बाई माजिवड्याला गेल्या. जिमबाहेर डब्यांसाठी रांग होती.

"ऐका हो, तो प्रयोग फसलेला होता!" त्या रांगेत शिरून ओरडल्या. "प्रथिन उलटं बसलं होतं!"

"पण चरबी नाही ना त्यात?" कोणीतरी विचारले.

"नाही, पण..."

"मग बाजूला व्हा की, ताई. उगाच रांग अडवताय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्हीसुद्धा. बाईंच्या मागे तिसरे तुम्हीच तर उभे होतात.