वर्नेल टिब्सची नोंद कशी पुसली गेली

माणूस नश्वर आहे, त्याच्या अटकेची नोंद तशी नाही. आमच्या शहराला याचा रास्त अभिमान आहे. ट्राम गेली, पोलादाचा कारखाना गेला, नदीवरचा पूल तर कार्यालयीन वेळेत पडला. पण एकोणीसशे एकोणऐंशीच्या जुलैत आमच्या गल्लीतल्या वर्नेल टिब्सला अटक झाली, ती नोंद परवापर्यंत ठणठणीत होती.

गुन्हा गंभीरच होता. वर्नेल तेव्हा एकोणीस वर्षांचा. उकाड्यानं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, म्हणून त्यानं पाना आणला आणि आगीच्या बंबासाठी असलेला कोपऱ्यावरचा लाल नळ उघडला. गल्ली भिजली. म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन पाण्यात बसल्या. एक पोलीस आला, तोही पंधरा मिनिटं भिजला, मग पायमोजे पिळून त्यानं वर्नेलला कर्तव्यभावनेनं धरून नेलं. न्यायाधीशांनी त्याला लगेच घरी पाठवलं. खटला झाला नाही, शिक्षा झाली नाही. झाली ती फक्त नोंद.

पुढं वर्नेलनं अडतीस वर्षं गवंडीकाम केलं, ओपलीनशी लग्न केलं, आणि निवृत्त झाल्यावर रोज सकाळी शाळेच्या चौकात उभा राहून तो पोरांना रस्ता ओलांडून देऊ लागला. फुकट. या वर्षी त्या चौकातली अधिकृत बाई सोडून गेली. नारिंगी जाकीट आणि ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी यांना वाली उरला नाही. वर्नेलनं अर्ज केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मिस्टर टिब्स, तुमच्याशिवाय आहेच कोण! फक्त शाळा उघडायच्या आत नोंद स्वच्छ करून आणा.”

“आणि तोवर सुट्टीतल्या वर्गांच्या पोरांसाठी चौकात उभा राहू का?”

“राहा की. पाटी मात्र हातात घेऊ नका.”

(विनापाटी माणसापासून मुलांना धोका नसतो, असं शिक्षण खात्याचं मत असावं.)

नोंद पुसायची तर आधी तिची प्रत हवी. आमच्याकडं ही नोंद सर्वांना खुली आहे. मी केस कापतो. माझ्या दुकानात मी पाहणी केली. चौदा गिऱ्हाइकांपैकी बारा जणांना ती फोनवर मिनिटाभरात सापडली, फोटोसकट. तेराव्याचा चष्मा घरी राहिला होता. चौदावा म्हणाला, “मला कशाला शोधायला सांगतोस? मी त्या पाण्यात होतो.” थोडक्यात, नोंद कुणालाही मिळते. अपवाद एकच, ती ज्याची आहे तो. त्याला आधी तो तोच असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि ही खबरदारी योग्यच आहे. उद्या कुणीही उठून दुसऱ्याची बदनामी पुसून टाकील.

पोलिसांच्या नोंद कार्यालयात खिडकीवर लुएला ग्रिग्ज नावाच्या बाई होत्या. वर्नेलनं बोटं ठसे घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर ठेवली. यंत्र गप्प. पुन्हा ठेवली.

“अहो, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत! गेल्या कुठं?”

“विटांत, बाई. या इमारतीची मागची भिंत मीच रचलीय. तिथं बघा, सापडतील.”

“भिंत चालत नाही. कागद लागतो.”

“मग जुना कागद बघा की. तेव्हा रेषा होत्या.”

“जुना कागद तळघरात होता,” बाई म्हणाल्या, “आणि तळघरात पाणी शिरलं.”

“या खेपेला मी नव्हतो,” वर्नेल म्हणाला.

कार्यालयाकडं नोंद नव्हती, त्यामुळं ती पुसता येईना. आणि पुसली नसल्यामुळं ती कायम होती. वर्नेल सहा आठवड्यांत नऊ वेळा गेला. दहाव्या वेळी तो घरी आला आणि म्हणाला, “जाऊ दे. पाटीवाचून काय अडलंय माझं?” पण दुसऱ्या दिवशी एक मोटार त्याच्या नुसत्या हाताला न जुमानता पोरांच्या पुढ्यातून सुसाट गेली. मुलं वाचली. वर्नेलनं घरी येऊन अर्ज पुन्हा बाहेर काढला.

अकराव्या वेळी ओपलीन स्वतः त्याच्यासोबत गेली. फोनवरचा तो अटकेच्या वेळचा फोटो तिनं खिडकीच्या काचेला लावला. भिजलेला एकोणीस वर्षांचा वर्नेल, डोक्यावर केसांचं एवढं मोठं टोपलं, आणि खदाखदा हसतोय.

“हा माझा नवरा. आता बोला.”

ग्रिग्जबाईंनी फोटो पाहिला, समोरचं टक्कल पाहिलं. “जुळत नाही. हा हसतोय. यांना हसायला सांगा.”

सहा आठवड्यांचे हेलपाटे घालून हसू येत नाही. वर्नेलनं दात दाखवले. ते कुत्र्यासारखं दिसलं.

“अरे देवा,” ओपलीन म्हणाली. “त्या पोलिसाचे पायमोजे आठव ना! एक हिरवा होता आणि एक त्याच्या बायकोचा!”

वर्नेलला हसू फुटलं. मागच्या रांगेलाही फुटलं. ग्रिग्जबाईंनी डोळे पुसत शिक्का मारला आणि शेरा लिहिला: ‘ओळख पटली, हास्यावरून.’

न्यायालयात चार मिनिटं लागली. हुकूम सहा पानी निघाला, आणि त्याच्या प्रती अकरा कार्यालयांना गेल्या. त्यांतल्या दहांना या अटकेची खबर त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली. पाणीखात्यानं तर तत्परतेनं विचारलं, ‘नळ नंतर बंद केला होता काय, कळवावे.’

मग शाळेचा फॉर्म आला. ‘आपणांस कधी अटक झाली आहे काय?’ वर्नेलचं पेन थांबलं. वकील म्हणाला, “नाही लिहा. कायद्यानं ती झालीच नाही.”

“चौसष्ट वर्षं खरं बोललो. आता न्यायालयाच्या हुकमानं थाप मारू?”

“मार रे बाबा,” ओपलीन म्हणाली. “शाळा सोमवारी उघडतेय.”

सोमवारी वर्नेल नारिंगी जाकिटात चौकात उभा राहिला. त्यानं पाटी वर केली, तशी मोटारींची दुतर्फा रांग थांबली, आणि पोरं निवांत गेली. मी दुकान बंद ठेवून बघायला गेलो होतो.

हुकमाचं सातवं कलम मात्र मी कालच वाचलं: ‘सदर माहिती ज्या कोणाकडे असेल, त्याने ती तीस दिवसांत नष्ट करावी.’ अकरा कार्यालयांनी केली. फोटोवाल्या संकेतस्थळानंही केली. माझी गिऱ्हाइकं शपथेवर विसरली, आणि मी तर हे लिहिता लिहिताच विसरलो. तेव्हा वर्नेल टिब्सच्या अटकेची संपूर्ण माहिती आज अख्ख्या जगात फक्त तुमच्याकडं आहे. ती आपण कोणत्या हेतूनं बाळगली, याचा लेखी खुलासा करावा. तोवर आपल्या नावे एक नोंद उघडून ठेवली आहे.