भाषा आढळून आली नाही

१९९८ साली साताऱ्याच्या आमच्या कार्यालयात माजी सैनिकांच्या उपचारांना मंजुरी देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी नियमाबाहेर कधी गेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण लोक नंतर काहीबाही बोलतात.

इस्लामपूरजवळचे निवृत्त हवालदार आकाराम यांना फिट्स येत. मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. ती काढायची, तर बोलण्याची जागा डावीकडे आहे की उजवीकडे, हे आधी पाहावं लागतं. नाहीतर गाठीबरोबर बोलणंही जायचं. त्यासाठी मुंबईच्या एका इस्पितळात नवं यंत्र आलं होतं. माणसाला आत झोपवायचं, पडद्यावर शब्द दाखवायचे, त्यावरून त्यानं मनातल्या मनात आणखी शब्द जुळवायचे. मेंदूचा जो भाग काम करील, तो चित्रात रंगतो.

आकाराम आत गेले. "हलायचं नाही, बोलायचं नाही," असा हुकूम सुटला. माणूस अठरा वर्षं पलटणीत. ते झोपल्या झोपल्या सावधान झाले आणि पाऊण तास तसेच राहिले. डोकं कोरं. अहवाल आला: 'डावीकडे भाषा आढळून आली नाही. उजवीकडे भाषा आढळून आली नाही.'

"शब्द का नाही जुळवलेत?" अहवाल घेऊन ते माझ्या खिडकीवर आले तेव्हा मी विचारलं.

"सावधानमधी कोण इचार करतंय, सायेब? परत तपासा. ह्या बारीला करतो."

"फेरतपासणीचा अर्ज ज्याचा त्यानं स्वतःच्या भाषेत करायचा असतो. तुमच्याकडे भाषा नाही, असं कागद म्हणतो."

"आवं, मग आता ह्ये मी काय करतूय?"

"आवाज," मी म्हणालो.

त्यांच्या पत्नी शालूबाई पुढं झाल्या. "दादा, सकाळधरनं टकळी चालू हाय ह्यांची. घरात आमाला तोंड उघडू देत न्हाईत. ह्यांचं बोलणं गेलं तर मी भांडू कुणासंगं?"

नातेवाइकांची साक्ष चालत नाही. त्रयस्थ माणूस लागतो. मीच त्यांना मागची रांग दाखवली. आम्ही काही अगदीच निर्दयी नव्हतो.

आकाराम वळले. पंधरा-वीस जण उभे होते. "गड्यांनो, सांगा की रं. मी बोलतूय का न्हाई?"

जो तो आपापले कागद चाळू लागला. एक सुभेदारसाहेब बाहेरच्या रिक्षा बघू लागले. प्रत्येकाचं माझ्याकडे काम होतं. मी शेरा मारला: 'साक्षीदार निरंक.'

फिट्स वाढल्या. सर्जन म्हणाले, आता थांबता येणार नाही; बोलणं राहील की जाईल सांगता येत नाही, तसं लिहून द्या. आकारामांनी सही केली. गाठ निघाली. बोलणंही गेलं.

महिन्याभरानं दोघं आले. "आता ह्यांचं काय करू वो?" शालूबाई म्हणाल्या. आकारामांचे ओठ नुसते हलत होते. मी फाइल उघडून दाखवली. शस्त्रक्रियेआधी भाषा नव्हती, नंतरही नाही. सबब नुकसान निरंक. बाई तिथंच रडल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या नमुन्यात त्याला रकाना नाही.

तुम्हालाही माझा राग आला असेल. वाचता वाचता दोन-चार शिव्याही मनात आल्या असतील. पण तोंडातून चकार शब्द काढला नाहीत, हे बरं केलंत. तुमचंही काम कधीतरी माझ्या खिडकीवर येणारच.