चार मिनिटांचे कारण

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दर शनिवारी सकाळी बालाघाटहून लामत्याकडे निघणाऱ्या बसच्या मागे एक जुनी पांढरी मोटार चालत असते. तिच्या आणि बसच्या मध्ये कोणी घुसू नये. मागून हॉर्न वाजवू नये. आणि "बाबूजी, आगे निकलो ना" असे तर मुळीच म्हणू नये. ती मोटार पुढे निघणार नाही. मोटारवाल्याची बायको बसमध्ये बसलेली आहे.

आता नवरा मोटारीत आणि बायको बसमध्ये, म्हणजे भांडण असणार, असा आपला समज झाला असेल. माझाही तसाच झाला असता. पण दुर्दैवाने मी त्यांची शेजारीण आहे, लामत्याच्या शाळेत शिकवते, आणि त्याच बसमध्ये त्या बायकोशेजारी बसते. भांडण नव्हते. असते तर फार लवकर मिटले असते.

मोटारवाले म्हणजे मेश्राम काकाजी. चौतीस वर्षे रेल्वेत गार्ड होते. आधी अरुंद रुळांच्या छोट्या लाईनवर, पुढे मोठी लाईन आल्यावर तिच्यावर. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात हिरवी आणि लाल झंडी घेऊन बसणारा माणूस. काकाजी सांगत, "ड्रायव्हरले येणारं दिसते, मॅडम. आपल्याले गेलेलं दिसते."

निवृत्त झाले तरी काकाजींच्या अंगातून रेल्वे गेली नाही. घराबाहेर पडताना उंबरठ्यावर उभे राहून ते दोन्हीकडे पाहत, "राईट" म्हणत, मगच पाऊल टाकत. गाडी वाटेत कुठे खोळंबली की गार्डाने किती मिनिटे आणि कोणत्या कारणाने ते लिहायचे असते. हा नियम त्यांनी घरात लागू केला. काकूंचा चहा उशिरा आला की ते घड्याळ पाहत.

"सात मिनटं डिटेन्शन. कारण?"

"कारण दूध नासलं," काकू आतून म्हणत.

"ठीक."

बस. राग नाही, कुरकुर नाही. कारण मिळाले की त्यांचे समाधान होई. "बिनाकारण काहीच थांबत नाई," हे त्यांचे ब्रीदवाक्य. एकदा आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरदेव मांडवात अर्धा तास उशिरा पोचला, तेव्हा काकाजींनी भर मांडवात त्याच्याजवळ जाऊन कारण विचारले. नवरदेवाने घाबरून खरे सांगितले. ते कारण मी इथे लिहीत नाही. तो संसार अजून चालू आहे.

दुसरे ब्रीदवाक्य होते, "हवा खोटं नाई बोलत." जुन्या गाड्यांचे ब्रेक व्हॅक्यूमवर चालत, आणि गार्डाच्या डब्यात त्याची तबकडी असे. नळीत कुठून हवा शिरली तर 'सूऽऽ' असा बारीक आवाज येई, काटा खाली पडे आणि अख्खी गाडी थांबे. तो आवाज ऐकण्यात काकाजींचे कान तयार झाले होते. त्याच लग्नात, बँड वाजत असताना, जेवता जेवता त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "कोणाची तरी हवा जाऊन राह्यली." बाहेर जाऊन पाहिले तर व्याह्यांच्या जीपचे मागचे चाक बसत होते.

हे कान लक्षात ठेवा. पुढे ते कामी येणार आहेत, पण फार उशिरा.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांत काकाजींनी ही मोटार घेतली. तिसऱ्या मालकाकडून. वयाच्या साठाव्या वर्षी चालवायला शिकले. लेक लामत्याला दिलेली, तिला छोटी मुलगी. तेव्हा दर शनिवारी जोडीने मोटारीतून नातीकडे जायचे, असा बेत. पहिल्याच शनिवारी काकूंना पेट्रोलच्या वासाने उलट्या झाल्या. लामत्याला पोचेपर्यंत तीन. नातीने आजीला ओळखले नाही.

दुसऱ्या शनिवारी सकाळी काकाजींनी कुंपणावरून जाहीर केले, "वासाचा बंदोबस्त केला."

आणि खरोखर केला असावा. कारण दर दोन किलोमीटरवर ते विचारत, "वास?" आणि काकू म्हणत, "नाई." "खरंच?" "नाई म्हटलं ना जी." हे संभाषण मला काकूंनीच ऐकवले. नाकाशी लिंबू मात्र त्या धरून होत्या. सवय, म्हणाल्या.

वासाचा प्रश्न मिटला आणि नवाच सुरू झाला. अर्ध्या वाटेवर मोटार धापा टाकू लागली आणि बंद पडली. काकाजींनी बॉनेट उघडले, आत पाहिले. पंधरा-वीस मिनिटांनी ती आपोआप सुरू झाली, जणू काही झालेच नव्हते. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ती बंद पडली ती रेल्वे फाटकात. बरोबर रुळांवर.

गेटमन धावत आला. त्याने काकाजींना ओळखले आणि बिचारा सलाम करून मोकळा झाला, मग मोटार ढकलू लागला. रस्त्यावरची चार माणसे आली. मोटार बाहेर निघाली, काही झाले नाही. पण पलीकडे सिग्नलला एक गाडी उभी राहिली होती. चार मिनिटे. तिच्या शेवटच्या डब्यातला गार्ड दारात येऊन वाकून पाहत होता.

काकू खाली उतरल्या, मागून आलेल्या बसला हात केला आणि चढल्या. त्यानंतर त्या मोटारीत बसल्या नाहीत.

"आपल्यानं रेल्वे थांबली, मॅडम," काकाजी मला म्हणाले. त्यांचा चेहरा सुतक पडल्यासारखा होता. "चार मिनटं. त्या गार्डानं लिहिलं असन, फाटकात मोटार. पण मोटार काहून थांबली? ते कोण लिहीन?"

तिथून तपास सुरू झाला. अन्वरभाई मिस्त्रीने प्लग बदलले. कॉइल बदलली. पेट्रोलचा पंप, फिल्टर, वायरी, सगळे झाले. मोटार त्याच्याकडे असताना एकदाही थांबली नाही. शेवटी त्याने हात जोडले. "काकाजी, गाड़ी में कुछ नहीं है. आपके मन में है."

"मन फाटकात थांबलं होतं का?" काकाजी म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचे प्रयोग मांडले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज सकाळी, उद्या दुपारी. आज पंखा चालू, उद्या बंद. दर प्रयोगाला पाच लिटर पेट्रोल टाकत आणि फाटकापर्यंत जाऊन येत. मोटार एखाद्या गुणी मुलीसारखी जाऊन येई. काहीच सापडेना, तेव्हा एक भयंकर शंका त्यांच्या डोक्यात आली. ती काकूंच्या डोक्यात आधीच होती.

"मी बसली की थांबते ते," काकू मला बसमध्ये म्हणाल्या. "माहाच पायगुण." हसत म्हणाल्या, पण हसू पुरे झाले नाही.

शंका तपासण्यासाठी काकूंच्या जागी बसायला माझी नेमणूक झाली. मांडीवर काकूंचा डबा, हातात काकूंची छत्री, नाकाशी लिंबू. आधी धान्याच्या काट्यावर आम्हा दोघींची वजने झाली. माझे जास्त भरले. काकाजी सभ्य माणूस. मुकाट्याने डिकीतली स्टेपनी काढून घरात ठेवून आले.

त्या दिवशीही मोटार थांबली नाही. परत येताना काकाजींनी आरशात मागचे फाटक पाहिले. मग समोर पाहतच म्हणाले, "चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात एकटा बसलो, मॅडम. दिवाया तिथंच झाल्या. पोरीचा जन्म झाला तवा मी नैनपूरच्या यार्डात होतो. म्हटलं, रिटायर झालो की पुढं बसीन. हिच्या बाजूले. म्हणून घेतली मोटार." गिअर बदलत म्हणाले, "आन् बसून राह्यलो तुमच्या बाजूले."

मी लिंबू हुंगले. दुसरे काय करणार?

अखेर काकूंनीच अट घातली. सात शनिवार मोटार बसच्या मागून यावी. सातही वेळा न थांबता लामत्याला पोचली, तर सातव्या दिवशी परतीला त्या मोटारीत बसतील. अशा रीतीने ती वरात सुरू झाली, जिच्याबद्दल मी सुरुवातीला आपल्याला सावध केले. बस स्टँडवरून निघायची झाली की काकाजी खिडकीतून हिरवा पंचा हलवत. पहिल्या शनिवारी ड्रायव्हर हसला. तिसऱ्या शनिवारपासून तो आरशात पंचा दिसल्याशिवाय बस हलवेना.

काकू मात्र नेहमी सगळ्यात मागच्या सीटवर. तिथे धक्के बसतात, पाठीची हाडे मोजून घेता येतात. मी म्हटले, काकू, पुढे जागा आहे. तर म्हणत, "इथं हवा चांगली येते." हवा कसली? मागच्या काचेतून त्या पांढऱ्या मोटारीवर नजर ठेवून बसायच्या. उभा जन्म तो माणूस शेवटच्या डब्यातून मागे पाहत राहिला. आता बायको पाहत होती.

सहा शनिवार पार पडले. सातव्याला काकू नवे लुगडे नेसल्या. काकाजींनी मोटार धुतली, आरशाला झेंडूचे फूल बांधले, आणि आदल्या संध्याकाळी पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. "जोडीनं जायचं तं टाकी फुल पाहिजे," म्हणाले. काकू मोटारीत बसत तेव्हा दर शनिवारी ते तशीच भरत. त्यानंतर ती आताच भरली. एकट्याच्या फेरीला त्यांना पाच लिटर पुरत.

फाटक आले. बस गेली, मागून मोटारही गेली. काकूंनी श्वास सोडला आणि माझा हात सोडला. त्यावर नखे उमटली होती. पुढे सागाची झाडे सुरू झाली. मी वह्या तपासायला काढल्या. दहा मिनिटे झाली असतील.

"थांबवा!" काकू ओरडल्या. "अजी, बस थांबवा!"

"क्या हुआ माताजी?" कंडक्टर धावत आला.

"माहा गार्ड मागं राह्यला!"

बस थांबली. आम्ही दोघी उतरून मागे चालत गेलो. आमच्यामागे बसमधली निम्मी माणसे, कारण फुकटचा तमाशा लामत्याच्या रस्त्यावर रोज मिळत नाही. काकाजी बॉनेटमध्ये डोके घालून उभे होते. आमची चाहूल लागली तरी त्यांनी डोके काढले नाही.

"सातवा होता," ते आतूनच म्हणाले.

काकू पदराचे टोक पिळत उभ्या. मला शांतता सोसत नाही, हा माझा दोष आहे. मी मागे गेले. "काकाजी, पेट्रोल तरी आहे का हो?" असे विचारत टाकीचे झाकण फिरवले.

'सूऽऽऽऽ'

लांब, बारीक, कोणी दात आवळून श्वास ओढावा तसा आवाज. पुढे बॉनेटवर धाडकन डोके आपटले. काकाजी डोके चोळत मागे आले आणि टाकीच्या तोंडाला कान लावून उभे राहिले. आवाज संपला होता.

"व्हॅक्यूम," ते हळूच म्हणाले. चौतीस वर्षांच्या ओळखीचे माणूस परक्या गावात भेटावे तसे.

त्यांनी माझ्या हातून झाकण घेतले आणि उलटे केले. काळ्या झाकणाला आतून सायकलच्या ट्यूबची काळी चकती चिकटवलेली होती. नीट गोल कापलेली, कडेने सोल्युशन लावलेली. त्यांनी नखाने ती सोलली. खाली टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते.

"हे हवेचं," ते म्हणाले. शाळेत मी मुलांना समजावते तसे, पण कोणाकडेही न पाहता. "पेट्रोल कमी होते, तशी इथून हवा आत जाते. बंद केलं तं टाकी पेट्रोल धरून ठेवते. टाकी फुल असन तं लवकर धरते, पाच लिटरात आत हवा भरपूर राहते, तं धरत नाई. मंग इंजन उपाशी मरते." मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, का कोण जाणे. "चार मिनटं. कारण सापडलं. कारण मी."

कंडक्टर पुढे आला. "ये रबड़ किसने लगाया था, गार्ड साहब?"

"मीनंच. हिले वास येत होता म्हणून."

काकू त्या चकतीकडे पाहत राहिल्या. मग वळल्या, मोटारीच्या पुढे गेल्या, ड्रायव्हरशेजारचे दार उघडले आणि आत बसल्या. बटव्यातून लिंबू काढले.

काकाजी खिडकीशी गेले. झाकण एका हातात, रबर दुसऱ्यात. "हे काढलं तं आता वास येईन तुले," ते अपराध्यासारखे म्हणाले.

काकूंचा बांध फुटला. हसू होते की रडू, मला अजून सांगता येत नाही. पण आवाज पार पुढे बसच्या ड्रायव्हरपर्यंत गेला.

"अजी, वास तं हे लावल्यावरबी येतच होता! तुमी इतल्या खुशीनं इचारत होते, म्हणून मी नाई म्हणत होती!"