भार्गव साळूचे तीन पूल

एका जंगलात, बाळांनो, भार्गव नावाचा एक साळू राहत होता. अंगभर काटे, पण स्वभावाने मवाळ. बाकीचे साळू कंद उकरायला जात. भार्गव बिळात बसून सर्व्हर सांभाळत असे.

घरचा सर्व्हर म्हणजे डिस्कनी भरलेलं एक खोकं. ते दिवसभर घूं घूं करायचं. त्यात घरादाराचे फोटो होते, बारशांचे व्हिडिओ होते, आणि सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या होत्या. सासूबाईंना काही महिन्यांपूर्वी वाघाने नेलं होतं.

एके दिवशी भार्गव बायकोला म्हणाला, "मालन, आजपासून आपल्याकडे तीन पूल!"

"पूल? पण अहो, ओढा कुठाय?"

"तो पूल नव्हे गं. स्टोरेज पूल. डिस्क जोडून केलेले साठे. एक वेगवान, एक अवाढव्य आणि एक मिरर, म्हणजे आरसा. त्यात दोन डिस्कवर तेच ते राहतं. एक मेली तरी दुसरी जिवंत."

"आईच्या ओव्या कुठे ठेवल्यात?"

"आरशात. तिथे वाघसुद्धा पोचणार नाही."

मालनला बरं वाटलं.

भार्गवला मात्र चैन पडेना. त्याने वेगवान पुलातले फोटो अवाढव्य पुलात नेले. बारशी तिकडून इकडे आणली. 'फोटो'चं नाव 'छायाचित्रे' केलं. मग 'छायाचित्रे नवी' काढून त्यात जुनी भरली.

होता होता सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचा दिवस आला. मालन स्वयंपाकात गुंतली होती. भार्गवला आरशात दोन कप्पे दिसले : 'ओव्या' आणि 'ओव्या नवीन'.

"एकच वस्तू दोनदा? गबाळेपणा नुसता!" असं म्हणून त्याने पहिला कप्पा पुसून टाकला.

दुसरा त्यानेच मागे कधीतरी करून ठेवला होता. तो रिकामा होता.

भार्गव घाबरला नाही. त्याने आरशातली दुसरी डिस्क पाहिली. तिथूनही ओव्या गेल्या होत्या. बाळांनो, आरशासमोर काटा उपटला की आरशातलाही काटा जातो.

भार्गवचे सगळे काटे खाली बसले. तो चुलीपाशी गेला आणि खरं काय ते सांगून मोकळा झाला.

घासलेलंच पातेलं मालन पुन्हा घासत राहिली.

तेवढ्यात घास शिवायला यमूताई कावळीण आली. यमूताईने जन्मात कधी काही पुसलं नव्हतं. तिच्या फोनमध्ये जागा नाही, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं.

सगळं ऐकून ती म्हणाली, "ओव्या ना? मालन, तूच पाठवल्या होत्यास की मला. थांब हं."

ती चोचीने फोन सरकवू लागली. सुप्रभातचे गुलाब गेले. आंब्याचा हललेला फोटो गेला. हरवलेल्या म्हशीची जाहिरात गेली. आणि एकाएकी त्या तडकलेल्या फोनमधून सासूबाई गाऊ लागल्या.

मालन हमसून हमसून रडली. भार्गवही रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आवाज जरा खरखरतोय. फोन द्या इकडे, ओव्या नीट लावून ठेवतो."

मालनने फोन उचलला आणि यमूताईच्या पंखाखाली खुपसला.

"ताई, तू उडून जा."

तात्पर्य : जिवापाड जपायची वस्तू व्यवस्थित माणसाच्या हाती देऊ नये. गबाळ्याच्या घरी काही वेळेवर सापडत नाही हे खरं. पण तिथून काही जातही नाही.